फ्लाइट, एअर एन्थुझिअस्ट की फ्लाइंग? जुन्या विमान-अंकांचा कोणता ढीग उचलू?

केळीबाग_७२ (भुसावळ):
राम राम मंडळी. जळगावला एका रद्दीवाल्याकडे विमानांच्या जुन्या अंकांचे तीन ढीग आहेत. पहिल्यात ब्रिटिश साप्ताहिक 'फ्लाइट'चे १९५५ ते ५८ चे बांधीव खंड, दुसऱ्यात 'एअर एन्थुझिअस्ट' आणि 'एअर इंटरनॅशनल'चे १९७१ ते ७६ चे सुटे अंक, तिसऱ्यात अमेरिकन 'फ्लाइंग'चे साठच्या दशकातले चाळीसेक अंक. किलोवर द्यायला तयार नाही, ढिगावर भाव सांगतोय. तिन्ही घेण्याइतकं बजेट नाही. माझा रस भारतीय हवाई दलाची विमानं आणि १/७२ मॉडेलं (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याची). आधी कोणता ढीग घेऊ? घेताना काय तपासू? आणि आपल्या उन्हाळ्यात हे टिकेल का?

गोंदूर_धावपट्टी (धुळे):
तुझी आवड बघता दुसरा ढीग, त्यातही थ्री-व्ह्यू (विमानाची वरून, समोरून आणि बाजूने काढलेली रेखाचित्रं) शाबूत असलेले अंक. पण तिन्हींची जात वेगळी आहे, तेवढं समजून घे.

'फ्लाइट' १९०९ पासूनचं, १९६२ ला नाव 'फ्लाइट इंटरनॅशनल' झालं. साप्ताहिक असल्याने त्या आठवड्यात जे कळलं तेच छापलेलं. खरी किंमत कटअवे चित्रांची: पंखाचा पत्रा सोलून आतले स्पार (पंखाच्या मुख्य तुळया), टाक्या, नळ्या दाखवलेल्या. आपल्या हवाई दलाने वापरलेल्या ग्नॅट या छोट्या लढाऊ जेटचं पहिलं उड्डाण १८ जुलै १९५५ चं, म्हणजे १९५५ चा जुलै-डिसेंबर खंड तुझ्या कामाचा. ग्नॅटचं ऑर्फियस इंजिन पुढे मारुत या भारतात बनलेल्या लढाऊ विमानालाही बसलं, त्यामुळे ५५ ते ५८ च्या खंडांत त्या इंजिनावरचं जे सापडेल ते दोन्ही विमानांना लागू.

'एअर एन्थुझिअस्ट' हे मासिक जून १९७१ ला निघालं, संपादक विल्यम ग्रीन आणि गॉर्डन स्वानबरो. १९७४ ला तेच 'एअर इंटरनॅशनल' झालं. इथे भले भले फसतात: पुढे 'एअर एन्थुझिअस्ट' याच नावाने निव्वळ इतिहासाचं वेगळं प्रकाशन निघालं आणि ते २००७ पर्यंत चाललं. म्हणून नावावरून मोजदाद करू नको, मुखपृष्ठावरचा महिना-साल बघ.

'फ्लाइंग' १९२७ ला 'पॉप्युलर एव्हिएशन' म्हणून सुरू झालं. त्यात सेस्ना, पायपर अशी छोटी खासगी विमानं आणि वैमानिकाचं शहाणपण. शिकाऊ पायलटला वाचायला झकास, पण रेडिओ आणि हवाई क्षेत्राचे नियम त्यातून शिकायचे नाहीत. शिवाय त्याचे बरेच जुने अंक गुगल बुक्सवर फुकट दिसतात. तो ढीग सोड.

मिग_मास्तर (चोपडा):
वरचं बरोबर, पण 'दुसरा ढीग घे' याला माझी एक पुस्ती. त्यातल्या रशियन विमानांच्या माहितीवर डोळे झाकून मॉडेल करू नको. जुलै १९६७ ला मॉस्कोजवळ दोमोदेदोवोला जुळ्या शेपटीचं सोव्हिएत लढाऊ विमान 'फॉक्सबॅट' (हे नाटोने दिलेलं नाव) दिसलं आणि पाश्चात्त्य मासिकं त्याला बरीच वर्षं मिग-२३ म्हणत राहिली. ते निघालं मिग-२५. सांगाडा टायटॅनियमचा असावा हाही अंदाजच. ६ सप्टेंबर १९७६ ला सोव्हिएत वैमानिक बेलेंको ते पळवून जपानात हाकोदातेला उतरला, तेव्हा कळलं की बहुतेक भाग निकेल-मिश्र पोलादाचा आहे. तुझा ढीग नेमका या तारखेपाशी संपतोय. पण शौकिनाला गंमत त्या चुकीतच आहे भो! कोणाला केव्हा किती ठाऊक होतं, ते नंतरच्या गुळगुळीत पुस्तकांत सापडत नाही.

साप्ताहिकाचा अंदाज चुकतो, मासिकाचं संशोधन चुकतं. दोघांच्या चुका वेगळ्या. म्हणून जमलं तर दुसऱ्या ढिगाबरोबर 'फ्लाइट'चा ५५ चा एक खंड सुटा माग.

१/७२ चं ड्रॉइंग वापरण्याआधी मोजून घे. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला ९९.३ मिलिमीटर यायला हवा. झेरॉक्सवर ९७ भरला तर १०२.४ टक्क्यांवर मोठं कर. लांबीही स्वतंत्र मोज, कारण झेरॉक्स मशीन दोन्ही दिशांना सारखं ओढतंच असं नाही. नाकाची पिटो नळी (वेग मोजणारी पुढे आलेली बारीक नळी) धरून लांबी दिली आहे की सोडून, तेही बघ. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

कागदकसर (पाचोरा):
विमानांचं वरच्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

बांधीव खंड बघून हुरळू नको. वाचनालयं बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची. मजकुराची पानं खंडभर सलग क्रमांकाची असतात, त्यामुळे जाहिराती गेल्याचं कळतच नाही. इंजिन, टायर, सीट बनवणाऱ्यांच्या त्या जाहिरातीच अनेकांना हव्या असतात. आधी सप्टेंबर उघड, ब्रिटनच्या फार्नबरो विमान प्रदर्शनाचे अंक तिथे असतात आणि कटअवे तिथूनच ब्लेडने कापलेले सापडतात. शिवणीजवळ बोट फिरव, कापलेल्या पानाची पट्टी लागते.

सुट्या अंकांत मधलं पान आणि पिना बघ. पिना गंजल्या असतील तर बाहेरून ओढू नको, पान फाटतं. मधलं पान उघडून बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ कर आणि बाहेरच्या बाजूने अलगद काढ. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत गाठ मार. सेलोटेप अजिबात नको. दहा-बारा वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा डाग मात्र कायमचा राहतो. लॅमिनेशनचं तर नावच काढू नको.

उन्हाळ्याचं म्हणशील तर ४५ अंशांनी कागद हळूहळू ठिसूळ होतो, पण लगेच धोका कूलरचा. कूलरच्या खोलीत अंक ठेवले की एप्रिल-मे मध्येच पानं वाकतात आणि बुरशी धरते. माळ्यावर पत्र्याखालीही नको. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटलेलं लोखंडी कपाट, खालचा खण रिकामा. अंक आडवे, दहाच्या वर थप्पी नाही. डांबरगोळ्या टाकू नको, वास कागदात मुरतो. घरात येणारा प्रत्येक गठ्ठा आधी प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद कर आणि उणे १८ च्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. कागद खाणारी कसर (किडा) मरते. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट गार कागदावर धरतं.

केळीबाग_७२:
आभार. आज परत जाऊन पाहिलं. ५५ चा जुलै-डिसेंबर खंड आहे, पण मधली साठेक पानं विटेसारखी चिकटलीत. वाफ देऊन सुटतील का?

कागदकसर:
नाही सुटणार. तो आर्ट पेपर. भिजला की वरचा पांढरा लेप चिकट होतो आणि वाळताना दोन पानं एक होतात. ओला असतानाच मध्ये बटर पेपर घातला असता तर वाचला असता. वाफेने शाई आणि लेप दोन्ही समोरच्या पानावर जातात. चिकटलेला भाग कोणत्या महिन्यांचा आहे ते दोन्ही बाजूंच्या पान-क्रमांकावरून काढ. ग्नॅट त्याच्या बाहेर असेल तर खंड घे, पण भाव अर्ध्याच्या वर देऊ नको.

मिग_मास्तर:
आणि ग्नॅटची पानं तिथल्या तिथे मोबाइलवर काढून घे. खंड १८० अंशांत दाबून उघडू नको, पाठ तुटेल. ९० अंशांत धरून एकेक पान सरळ वरून काढ. कटअवे दोन पानांवर पसरलेला असेल तर शिवणीकडची चित्राची पट्टी दोन्ही फोटोंत येऊ दे, जोडताना तीच लागते.