कुठल्या फील्डला भविष्य आहे हे नक्की ठरवतं कोण?

वाचनमात्र_मामा

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचून निघून जातो, पण आता प्रश्न घरातलाच आहे म्हणून धागा काढतोय. भाचीला ऑडिओलॉजी करायचंय, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासण्या, श्रवणयंत्रं लावून देणं वगैरे. त्यावर घरात रोज परिषद भरते. एक पार्टी म्हणते कॉम्प्युटर सोडून कशालाच भविष्य नाही, दुसरी म्हणते कॉम्प्युटरलाच भविष्य नाही, एआय सगळं गिळणार, आणि पोरगी बिचारी दोघांच्या तोंडाकडे बघत बसते.

नेटवर शोधलं तर जो तो लेख तेच दळण दळतोय, मशीनला हे जमायला लागलं म्हणजे हा धंदा गेला, ते जमत नाही म्हणजे तो वाचला. पण लोकं म्हातारी होतायत, पोरं कमी होतायत, सरकार कायदे बदलतं, एखाद्या कामाला मान असतो एखाद्याला नसतो, याचा काहीच परिणाम होत नसेल का? कुठल्याही फील्डमधली खरी उदाहरणं असतील तर सांगा. गोल गोल ज्ञान नको प्लीज, ते घरी भरपूर मिळतंय.

---

क्ष_किरण

मामा, मी रेडिऑलॉजीत टेक्निशियन आहे त्यामुळे ही "तुमचा धंदा गेला" वाली बातमी आम्ही किती वर्षं ऐकतोय विचारू नका. २०१६ ला एआयमधले मोठे संशोधक जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आत्ताच बंद करायला पाहिजे, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच वर्षं कधीच होऊन गेली. आज बऱ्याच देशांत रडारड उलटी आहे, रेडिऑलॉजिस्टच मिळत नाहीत.

आणि सॉफ्टवेअर आलं नाही असं नाही हां, आलंय आणि चांगलं आहे. डोक्याचा सीटी झाला की मेंदूत रक्तस्राव असेल तर ते लगेच ती केस रांगेत वर ढकलतं, रात्रीच्या ड्युटीला खरंच जीव वाचतो. पण मग रिपोर्टवर सही कोण करणार? उद्या काही चुकलं आणि पेशंट कोर्टात गेला तर उभं कोण राहणार? सॉफ्टवेअर कंपनी तर नाही राहणार. दुसरं म्हणजे वयस्कर माणसं वाढली तसे स्कॅन वाढले, आणि डॉक्टरही आता "कशाला रिस्क, एक स्कॅन करून घेऊ" म्हणून लिहून देतात. त्यात रेडिऑलॉजिस्ट दिवसभर फोटोच बघत बसतो हा पण गैरसमज. निम्मा वेळ सर्जनचा फोन, जुने रिपोर्ट काढून ताडून बघणं, सोनोग्राफीत स्वतः प्रोब धरणं, नाहीतर गाठीतून सुईने सॅम्पल काढणं यातच जातो. हिंटननी मशीनचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर बांधला होता, हॉस्पिटलचा नाही.

---

रोखठोक_बोका

क्ष_किरण, मुद्दा मान्य, पण थोडं थंड पाणी ओततो. समाज, कायदा, सही हे सगळे स्पीडब्रेकर आहेत, गाडी थांबत नाही. लिफ्टमनचं बघा. बटण दाबून आपली आपण चालणारी लिफ्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली होती, पण लोकांचा विश्वास नव्हता, आत कोणीतरी माणूस पाहिजेच असं वाटायचं, म्हणून लिफ्टमन पुढे कित्येक दशकं टिकला. मग १९४५ ला न्यूयॉर्कमधे लिफ्टमन लोकांनी संप केला, अख्खं शहर अडकलं, आणि ऑटोमॅटिक लिफ्ट विकणाऱ्यांचं फावलं. आज कुठे दिसतो लिफ्टमन?

बँकेतल्या कॅशियरचं पण तेच. एटीएम आल्यावर अमेरिकेत कॅशियर कमी न होता वाढले हे उदाहरण सगळेच देतात. खरंय ते, एटीएममुळे शाखा चालवणं स्वस्त झालं आणि नियम सैल झाल्यामुळे बँकांनी शाखा वाढवल्या. पण पुढचं कोणी सांगत नाही, मोबाईल बँकिंग आल्यावर मात्र ते कमी व्हायला लागलेच. शेवटी मशीनच जिंकतं, उशिरा का होईना.

---

माईसाहेब

बोक्या, तुझा "उशिरा का होईना" हाच तर सगळा मुद्दा आहे रे. माणसाची नोकरी असते तीस-पस्तीस वर्षांची, लिफ्टमन त्याहून जास्त टिकला म्हणजे एका माणसाचं अख्खं करिअर झालं की त्यात. आणि तूच आणलेल्या उदाहरणाचा दुसरा भाग सांगते, १९५० च्या अमेरिकेच्या जनगणनेत २७० धंदे नोंदले होते, एका अर्थतज्ज्ञाने ते २०१० पर्यंत तपासले तर ऑटोमेशनमुळे साफ संपलेला धंदा त्याला एकच सापडला, तो म्हणजे लिफ्टमन. बाकीचे मेले ते मागणी गेली म्हणून किंवा दुसरं काहीतरी आलं म्हणून, आणि बरेचसे रूप बदलून जिवंत आहेत.

पण मला मामांना वेगळंच सांगायचंय, फील्डला भविष्य असणं आणि त्यात काम करणाऱ्याला भविष्य असणं या दोन गोष्टी एक नाहीत. म्हाताऱ्या माणसांची देखभाल घ्या. जपानमधे जवळपास २९ टक्के लोक ६५ च्या पुढचे, दक्षिण कोरियात २०२३ चा जननदर ०.७२ (म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलसुद्धा नाही), म्हणजे देखभाल करणाऱ्यांना मागणीच मागणी. पुस्तकातल्या हिशोबाने पगार भिडायला पाहिजे होते आकाशाला. भिडले का? नाही, कारण जपानमधे २००० पासून या कामासाठी सरकारी विमा आहे आणि कुठल्या सेवेला किती पैसे द्यायचे ते सरकार ठरवतं. संस्थेला माणसं मिळत नसली तरी रेट वाढवायची सोय नाही. मशीनचं म्हणाल तर माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारा अस्वलाच्या तोंडाचा रोबोट तिथल्या रिकेन संस्थेने २०१५ ला दाखवला होता, फोटो जगभर फिरले, पण वॉर्डात तो काही रोजचा झाला नाही. आजींना उचलताना आधी त्यांना सांगावं लागतं, कुठला खांदा दुखतोय ते आठवावं लागतं, त्या घाबरून हात घट्ट धरतात तो सोडवावा लागतो, आणि यातलं काहीच "स्किल" म्हणून मोजलं जात नाही कारण हे बायका घरी फुकट करतातच अशी सगळ्यांची समजूत.

हे मी चिडून बोलत नाहीये (थोडं चिडूनच). १९५० ते २००० च्या अमेरिकन जनगणनेच्या आकड्यांवर २००९ मधे एक अभ्यास आला होता, त्यात एखाद्या कामात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढे त्या कामाचा पगार घसरतो असं निघालं, शिक्षण बिक्षण सगळं धरूनही. उलटा प्रवास बघायचा तर कॉम्प्युटर बघा. १९४६ ला एनियाक हा अगदी सुरुवातीचा कॉम्प्युटर जगापुढे आला तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा बायका होत्या, तेव्हा ते कारकुनी काम समजायचे. मग त्याला प्रतिष्ठा आली, पैसा आला, घरगुती कॉम्प्युटर मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले, आणि अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत मुली १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होत्या त्या २०१० च्या आसपास १८ वर आल्या. आता यात मशीनला काय जमतं याचा संबंध कुठे आला सांगा.

---

फायलीतला_उंदीर

माईंना +१. कायद्याच्या बाजूने माझे दोन पैसे. मी ऑडिटवाला, आमची निम्मी भाकरी घोटाळ्यांवर चालते असं गमतीने म्हणतात पण ते खोटं नाही. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी हिशोबातल्या घोटाळ्यामुळे २००१ ला बुडली, २००२ ला अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि इंटर्नल कंट्रोल (कंपनीने चुका-घोटाळे रोखायला आतून ठेवलेली व्यवस्था) तपासणाऱ्यांना एकदम सोन्याचे दिवस. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला आणि बऱ्याच संस्थांना डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमणं सक्तीचं झालं, लोकांचा राग आणि एक कायदा, झाली पोस्ट तयार. आणि हे उलटंही होतं, चीनने २०२१ च्या जुलैमधे शाळेच्या विषयांच्या खासगी क्लासेसवर नफा कमवायलाच बंदी घातली, अवाढव्य इंडस्ट्री काही महिन्यांत झोपली. त्या शिक्षकांना कुठल्या मशीनने हरवलं?

मला सगळ्यात आवडतं ते जर्मनीचं उदाहरण, कारण तिथे प्रयोग करून परत मागे घेतला. तिथे बऱ्याच कारागिरीच्या धंद्यांत स्वतःचा व्यवसाय काढायला मास्टरची परीक्षा लागते. २००४ ला सरकारने ५३ धंद्यांची ही अट काढून टाकली, त्यात फरशी बसवणारेही होते. झालं असं की फरशीवाल्यांच्या फर्म भराभर वाढल्या, पण बऱ्याचशा एकट्या माणसाच्या, आणि एकटा माणूस हाताखाली शिकाऊ पोरं कशाला घेईल, त्यामुळे नवीन लोक तयार होणंच आटलं. २०२० ला १२ धंद्यांची अट परत आणली, फरशीवाले त्यात आले. फरशी तीच, सिमेंट तेच, हात तेच, पण धंद्यात कोण येणार आणि शिकवणार कोण हे एका नियमाने बदललं.

अवांतर: युनियनलाही मोजा. २०२३ ला हॉलीवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप करून एआय कसं वापरायचं याच्या अटी करारात लिहून घेतल्या. भाषांतर करणारे बहुतेक एकेकटे फ्रीलान्स, त्यांना असं काही जमलं नाही. दोघांसमोर टेक्नॉलॉजी साधारण तीच होती.

---

रोखठोक_बोका

फरशीचं माहीत नव्हतं, भारी आहे. लिफ्टमनवर माईंनी पकडलं ठीक आहे, पण एक सोडत नाही, उशीर होतो तो आत बसलेल्याच्या फायद्याचा, नवीन येणाऱ्याच्या नाही. कंपन्या जुन्यांना काढत नाहीत, नवीन भरतीच बंद करतात. भाची नवीन येणारी आहे हे विसरू नका.

---

वाचनमात्र_मामा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बोक्याचं शेवटचं वाक्य जरा टोचलंच. आता ऑडिओलॉजीचं कोणी सांगू शकेल का, इथे कोणी आहे त्या लाइनमधे?

---

शांत_खोली

मी आहे मामा, उशिरा बघितला धागा. इथे जे चाललंय ते सगळं आमच्याकडे एकत्र सापडेल. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या माणसांना थोडं ते मध्यम कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र तपासणी न करता, चिठ्ठीशिवाय दुकानातून घेता येतं. सप्टेंबर २०२४ ला तर तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) ॲपलच्या इअरफोनमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. आमच्यातले बरेच जण तेव्हा हादरले होते, कारण यंत्र विकणं हाच ज्यांचा मुख्य धंदा त्यांच्या पोटावर पाय.

पण मला त्यात दुसरी गंमत दिसते. चष्मा लोक मिरवतात आणि श्रवणयंत्र लपवतात, "मी काय म्हातारा झालो का" म्हणून वर्षानुवर्षं टाळतात, टीव्हीचा आवाज वाढवत नेतात आणि घरचे वैतागले की मगच येतात. आमच्या फील्डला ब्रेक लागला होता तो टेक्नॉलॉजीचा नव्हे, लाजेचा. आता कानात काहीतरी घालून फिरणं तरुणांमुळे नॉर्मल झालंय, ती लाज कमी झाली तर लोक लवकर येतील, आणि साधी केस दुकानात गेली तरी अवघड केस आमच्याकडेच येणार.

अवघड म्हणजे काय ते सांगते. जन्मतःच ऐकू न येणारं बाळ, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं, नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र) बसवलंय, आज मशीन पहिल्यांदा चालू करायचं. ते बाळ सांगणार थोडीच की आवाज मोठा झाला म्हणून. मी त्यातल्या एकेका इलेक्ट्रोडचा करंट हळूहळू वाढवत जाते आणि त्याच्या पापणीकडे, खेळणाऱ्या हाताकडे बघते, हात थबकला की कळतं ऐकू आलं. आणि हे एकदा करून संपत नाही, पुढे कितीतरी वेळा परत सेट करावं लागतं, आईवडिलांना समजावावं लागतं. किती बाळं आमच्यापर्यंत पोचतात हे मात्र तिथे जन्मल्या जन्मल्या कानाची तपासणी होते का आणि इम्प्लांटचे पैसे कोण देतं यावर ठरतं, म्हणजे परत माईंचाच मुद्दा.

त्यामुळे भाचीला एवढंच विचारा की लहान मुलांबरोबर आणि रडवेल्या पालकांबरोबर तासन् तास बसायला जमेल का. जमत असेल तर येऊ दे. यंत्रं विकून पैसे मिळतील म्हणून येत असेल तर बोक्याचं ऐका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिला एक दिवस माझ्याबरोबर क्लिनिकमधे बसता येईल असं बघते.

---

वाचनमात्र_मामा

व्यनि केलाय ताई. तिलाच इथे लॉगिन करून देतो, पुढचं ती विचारेल.