मदत हवी आहे: ६९ ची रोड रनर कुठल्या स्टॉक क्लासमध्ये धरतील?

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये राहतो. व्हिंटेज ड्रॅग रेसिंगसाठी (जुन्या गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) गेल्या महिन्यात १९६९ ची प्लिमथ रोड रनर घेतली. आत ४४० घनइंची इंजिन, तीन होली कार्बोरेटर, वर उचलून बाजूला ठेवायचं फायबरग्लासचं काळं बॉनेट. म्हणजे फॅक्टरीचं ३९० हॉर्सपॉवरचं ए१२ पॅकेज, असं मला सांगितलं होतं.

पण डॅशवरच्या व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) पाचवं अक्षर ‘एच’ निघालं. खऱ्या ए१२ ला ‘एम’ असतं. एच म्हणजे ३८३ घनइंची इंजिन, ३३५ हॉर्सपॉवर. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची फॅक्टरीतली यादी) सापडली, तर उंदरांनी नेमका इंजिनाचाच रकाना कुरतडलेला! फार वाईट वाटलं.

एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या) स्टॉक गटात, म्हणजे फॅक्टरीतून आल्या तशा गाड्यांच्या गटात, गाडीचं वजन भागिले मान्य हॉर्सपॉवर यावर क्लास ठरतो, म्हणून हा फरक मोठा आहे. तपासणीत याच गाडीचं मूळ इंजिन बघतात, की त्या वर्षी त्या मॉडेलला फॅक्टरी ते देत होती एवढं पुरतं? एडेलब्रॉकचा ॲल्युमिनियम इंटेक (कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-इंधन नेणारा भाग) ६९ मध्ये ए१२ ला फॅक्टरीतूनच यायचा, तो काढायची इच्छा नाही. पण खोटं सांगून धावायचंही नाही. कोणी अशी गाडी क्लासमध्ये उतरवली असेल तर कृपया सांगा, ३८३ शोधायला लागू का?