नेपाळहून इकडे का येतात लोक? तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं लिहा

परवा रत्नागिरीला आत्याकडे गेले होते. मार्च महिना, झाडं कैऱ्यांनी वाकलेली आणि बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदारांच्या खोपटात, चार नेपाळी पोरं भात शिजवत बसलेली. त्यातल्या मोठ्याला, असेल पंचेचाळिशीचा, विचारलं की दाजू एवढ्या लांब का येता हो, दोन हजार किलोमीटरच्या वर आहे तुमचं गाव. तर त्याने मला उलट विचारलं, तुमचं धान्य वर्षभर पुरतं का? म्हटलं आम्ही विकतच आणतो. तो हसला. त्याचं घर नेपाळच्या पश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्यात, डोंगरउतारावर पायऱ्यांची शेती, आणि त्याने बोटं मोजून सांगितलं की मंसीर ते फागुन घरचं, म्हणजे आपला साधारण मार्गशीर्ष ते फाल्गुन, पुढे सगळं विकत. विकत घ्यायला रोकड लागते आणि गावात रोकड मिळेल असं कामच नाही.

आपण यांना सरसकट गुरखा म्हणतो आणि तिथेच विषय संपतो. तुमच्या बिल्डिंगमध्ये, बागेत, बोटीवर, चायनीजच्या गाडीवर भेटलेल्यांबद्दल लिहा. इथे वाढलेलं कोणी असेल तर त्यांनी तर नक्की लिहा.

हापूसवाला :
माझ्याकडे सतरा वर्षं येतायत. दिवाळी झाली की मुकादमाचा फोन, शेठ यंदा किती माणसं पाठवू. पहिल्या वर्षी दोन होती, आता अकरा. यंदा महिना तेरा हजार, शिधा माझा, वर उचल जी काय असेल ती. ग्रासकटर, फवारणी, मोहोराची राखण, रात्री डुक्कर, दिवसा वानरं, मग झेला (जाळी लावलेली काठी) घेऊन काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच करतात. वानरांशी तर त्यांचं काय वैर आहे देव जाणे, गलोल घेऊन कातळावरून असे पळतात की आपल्याला बघूनच धाप लागावी.

आता कोणीतरी म्हणेल गावातली माणसं का ठेवत नाही. अहो गावात आहेत कोण? माझा स्वतःचा मुलगा ठाण्याला आहे. वाडीत सत्तावीस घरं, चौदांना कुलूप.

नोटबंदीची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा नुकतेच आले होते, पण गेल्या हंगामाच्या पाचशेच्या नोटा गावी बायकांनी डब्यात जपून ठेवलेल्या, त्या तिकडे कोणी बदलून देईना. एकाचे साडेअठरा हजार तसेच गेले. मग 2018 च्या शेवटी नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असं केलं, त्यानंतरची कित्येक वर्षं मे महिन्यात आमची कसरत असायची शंभराची बंडलं जमवायची. बँकेत गेलो की कॅशियर विचारायचा लग्न आहे का घरात. थोडे पैसे तिकडे पाठवणाऱ्या दुकानातून पाठवतात, थोडे पॅन्टच्या आत शिवलेल्या खिशात. गाडीत रात्रभर आळीपाळीने जागे राहतात.

जेटीवरचा :
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर या, ऑगस्ट ते मे. तांडेल (बोट चालवणारा) आपला, नाखवा (बोटीचा मालक) आपला, खलाशी निम्मे नेपाळी. समुद्र कधी बघितलेला नाही, पोहता येत नाही, पहिले दोन दिवस नुसत्या उलट्या, तिसऱ्या दिवशी जाळं ओढायला उभा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेवढेच दोन महिने घरी. एकाला विचारलं भीती नाही वाटत? म्हणाला गावात पण भीर आहे, म्हणजे कडा, गवत कापताना बायका पडतात.

पुणेरी_डोट्याल :
इथे वाढलेलं कोणी असेल तर लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी जन्मापासून पुण्यात, मराठी मीडियम, आईवडील पश्चिम नेपाळातल्या डोटीचे. शाळेत मला बहादूर म्हणायचे, सरसुद्धा, त्याबद्दल परत कधीतरी.

पप्पा आले ते आजोबांच्या आजारपणात सावकाराकडून घेतलेले पैसे फेडायला. व्याज शेकडा तीन, महिन्याला हां, वर्षाला नाही. हिशोब करा, छत्तीस टक्के झाले. मुद्दल तसंच, नुसतं व्याज फेडायलाच एक माणूस बाहेर लागतो. मला लोक विचारतात की मग कतार-मलेशियाला का नाही गेले, तिकडे जास्त मिळतात. मिळतात, पण जायला आधी पासपोर्ट, मेडिकल, एजंट, लाखभर तरी हातात लागतात. नेपाळ सरकारने 2015 मध्ये व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकाने करायचा असा नियम काढला, एजंट तरीही घेतातच. भारतात यायला काय लागतं? सीमेवरच्या बनबसापर्यंतची बस आणि ओळखीचा एक माणूस. भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे व्हिसा नाही, परमिट नाही. म्हणून आमच्याकडे ज्याच्याकडे थोडं आहे तो गल्फला जातो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो इंडियाला येतो. हे इकडच्या लोकांना सांगितलं की त्यांना जरा लागतं, कारण आपल्याला वाटतं आपण म्हणजे फार मोठं आकर्षण.

दुसरं म्हणजे नोकरी ही एकट्याची नसते. पप्पांची सोसायटीतली वॉचमनची नोकरी पप्पा आणि काका मिळून चालवायचे, सहा महिने हा, सहा महिने तो, एक गावी नांगर धरतो तोवर दुसरा इथे शिट्टी वाजवतो. कमिटीला दोघं सारखेच दिसायचे, पगार एकाच नावावर. जागा सोडायची झाली तर गाववाल्याला पैसे घेऊन द्यायची, पागडीच म्हणा. आणि दर महिन्याला भिशी, आमच्यात ढिकुटी म्हणतात. माझी फी, बहिणीचं लग्न, गावच्या घरावरचा पत्रा, सगळं त्या भिशीतून.

आणि एक, रुपयाच्या दराचा 1.6 चा हिशोब. 1993 पासून भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशेसाठ, दर बांधलेला आहे. ऐकायला भारी वाटतं, पण तेल, कपडे, औषधं सगळं इथूनच तिकडे जातं, वर भाडं. म्हणजे दुकानात गेलं की ते एकशेसाठ परत शंभरच होतात, कधी नव्वद.

खानावळ_मालक :
सगळं पोटापाण्याचंच असतं असं नाही. 2002 साली माझ्याकडे एक पोरगा कामाला आला, सोळाचा म्हणाला, चौदाचा असेल. आईने पाठवलेला. तिकडे माओवाद्यांची लढाई चालू होती (1996 ते 2006), ते घराटी एक माणूस मागायचे आणि लष्कर आलं की ज्या घरातला गेला त्या घराला मारायचं. आईने म्हशीचं रेडकू विकून गाडीभाडं दिलं. पहिले सहा महिने पगार घेतला नाही, म्हणाला तुम्हीच ठेवा, मी काय करू. आज त्याच्या दोन चायनीजच्या गाड्या आहेत आणि माझी खानावळ बंद पडली, असो.

पण त्यालाच विचारलं तर तो लढाईचं नाव काढत नाही. पैशासाठी आलो म्हणतो. दोन्ही खरं असेल.

भटकी_जोशीण :
मी उलट बाजूने सांगते. दोन वर्षांपूर्वी सुदूर पश्चिमेला गेले होते, बनबसाला शारदा नदीचा बराज (बंधारा) ओलांडला की नेपाळातलं महेंद्रनगर. तिथे चहाच्या टपरीवर मी नवऱ्याशी मराठीत बोलत होते तर म्हातारे काका म्हणाले, "बसा ना ताई, गर्दी काय करता". उडालेच! तीस वर्षं दादरला वॉचमन होते. तिकडे अजूनही बाहेर कमवायला गेलेल्याला लाहुरे म्हणतात, रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे तेव्हापासूनचा शब्द. लाहोर गेलं, शब्द राहिला. काका म्हणाले मी दादरचा लाहुरे.

आणि गंमत अशी की तिथल्या सपाटीवर भात कापायला माणसं मिळत नाहीत म्हणून बिहार-यूपीची येतात. न्हावी भारतातला, गवंडी भारतातला. म्हणजे कोकणी मुंबईला, नेपाळी कोकणात आणि बिहारी नेपाळात. सगळ्यांनी आपापल्या जागी थांबायचं ठरवलं तर काय होईल याचा विचार मी टपरीवर बराच वेळ केला, उत्तर आलं नाही.

दाभोळकर_नव्हे :
आमचे चुलते 1984 ला कुवेतला गेले. कारण विचारलं तर तेव्हा काय सांगायचे माहितेय? "दापोलीत पगार होता, पण दर महिन्याला नव्हता." वरचं सगळं वाचताना तेच वाक्य आठवत होतं. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले आणि 92 ला पुन्हा गेले.

हापूसवाला :
@पुणेरी_डोट्याल, तुमचं वाचून सतरा वर्षांत पहिल्यांदा मुकादमाला विचारलं की कर्ज किती आहे रे. बराच वेळ गप्प. मग म्हणाला माझं संपलं, भावाचं आहे. उचल मागतात तेव्हा मी आजवर समजायचो दारूला. काहींची असेलही. लॉकडाऊनला मार्च 2020 मध्ये नेपाळने सीमा बंद केली, मे संपला तरी ही नऊ माणसं माझ्याकडेच, काम संपलेलं, तेव्हा दिवसाला चार फोन गावाहून यायचे. मला वाटायचं काळजीने. आता कळतंय निम्मे फोन सावकाराचे असणार.

पप्पा आता कुठे असतात तुमचे?

पुणेरी_डोट्याल :
पुण्यातच. नेपाळात कैलालीला, खाली सपाटीला प्लॉट घेतला, दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या, 2019 पासून कुलूप आहे. दरवर्षी दशैंला (आपला दसरा) म्हणतात पुढच्या वर्षी जायचं. सध्या रात्रपाळी. काका गेल्यापासून बदली माणूस नाही.

हापूसवाला :
यंदा माझ्या अकरांपैकी चौघांचं 24 मेच्या मंगला एक्स्प्रेसचं तिकीट अजून वेटिंगवर आहे, रत्नागिरी ते निजामुद्दीन. कोणाची रेल्वेत ओळख असेल तर कळवा.