युक्रेनला शस्त्रं देत राहावं का? थेंबाथेंबाने दिलेल्या मदतीबद्दल

रानडेरोड

काल संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर या विषयावरून आमच्यात चांगलीच जुंपली. घरी येऊन जेवलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतोय. दुसऱ्याच्या युद्धाला एखाद्या देशानं किती काळ शस्त्रं पुरवत राहावं? बोलणं युक्रेनचं, आणि देणारे म्हणजे मुख्यतः अमेरिका आणि युरोप.

माझं मत आधीच सांगतो. द्यावीत. आणि द्यायचीच तर वेळेवर द्यावीत, नाहीतर पहिल्याच दिवशी "आमच्याकडून होणार नाही" असं तोंडावर सांगावं. या युद्धात सगळ्यात मोठं पाप झालंय ते थेंबाथेंबानं देण्याचं.

सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १९०० दूर पल्ल्याची अण्वस्त्रं होती. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांनी सही करून सांगितलं, की तुम्ही ही अस्त्रं सोडा, तुमच्या सीमांचा आम्ही आदर करू. त्यांनी सोडली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला सगळ्या देशावरच हल्ला झाला. आता सही करणाऱ्यांनी हात झटकले तर ते विहिरीत उतरवून दोर कापणं आहे.

आणि देण्याची रीत बघा. हायमार्स रॉकेटं आली जून २०२२ मध्ये, क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी पेट्रियट यंत्रणा एप्रिल २०२३ मध्ये. अब्राम्स रणगाडे जानेवारी २०२३ ला जाहीर झाले, पोचले सप्टेंबरात. एफ-१६ विमानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये. दर वेळी आधी नाही, मग बघू, मग हो. २०२२ च्या शरद ऋतूत युक्रेननं खार्किवचा मुलूख आणि खेरसोन परत घेतलं, तेव्हा रशियाची फळी विस्कटलेली होती. त्यानंतरचे महिने हे-देऊ-का-ते-देऊ यात गेले आणि तेवढ्यात झापोरिझ्झियाच्या शेतांमध्ये मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. २०२३ च्या उन्हाळ्यातला हल्ला त्या सुरुंगांवर अडला. मदत तीच, फक्त उशिरा, आणि त्या उशिराची किंमत पोरांनी पायांनी मोजली.

हिरेकाम

दादा, तुमचं सगळं वाचलं. पण तुम्ही ज्या गावाची गोष्ट सांगताय ते गाव मला नकाशात शोधावं लागतं, आणि माझ्या टेबलावरची खुर्ची रिकामी झालेली मला रोज दिसते.

मी सीप्झमध्ये एका कारखान्यात सेटिंगचं काम करतो. अंगठीच्या कोंदणात खडा बसवायचा, वरून भिंग लावून नखं दाबायची. आमचा माल जायचा अमेरिकेला. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या मालावर ५० टक्के जकात बसली. त्यातले २५ टक्के कशाचे? आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. आमच्या टेबलावर चौघं बसायचे, दिवाळीपर्यंत दोघं उरलो. शेजारी बसणारा रत्नागिरीचा पोरगा होता, अकरा वर्षं आम्ही एका दिव्याखाली काम केलं. त्याची चिमटी आणि गोळा अजून खणात पडलाय, न्यायला आला नाही.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. हे युद्ध जितकं लांबेल तितका त्याचा धूर आमच्या घरात. शस्त्रं बंद करा, दोघांना बसवा, संपवा. ही मदत म्हणजे आगीत तेल आहे, दुसरं काही नाही.

रानडेरोड

@हिरेकाम, तुमचं नुकसान खरं आहे. पण त्याची दोरी मदतीला बांधू नका. जकात लावणारं सरकार तेच, ज्यानं मदतही आखडती घेतली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी शस्त्रंच नाही, तर गुप्त माहिती देणंही काही दिवस थांबवलं होतं. जुलैपासून युरोपचे देश अमेरिकेकडून शस्त्रं विकत घेऊन युक्रेनला देऊ लागले. म्हणजे तुमच्या टेबलावरची खुर्ची रिकामी झाली ती अमेरिकेची खैरात चालू असताना नाही, ती आटल्यावर. मदत आटली म्हणून युद्ध थांबलं नाही, तुमच्यावरची जकातही वाचली नाही.

हिरेकाम

बरं, तो मुद्दा घेतला. पण मग मला एक सांगा, किती वर्षं? आकडा सांगा. दुकानदारसुद्धा उधारी देताना विचारतो, परत कधी.

खेमकरण६५

आकडा कोणीच सांगणार नाही. आणि मला त्याहून मोठी भीती वेगळीच आहे.

माझे वडील १९६५ ला पंजाबच्या आघाडीवर होते. १९५४ मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला लष्करी मदत सुरू केली, कम्युनिस्टांना रोखण्यासाठी. आयझेनहॉवरनी नेहरूंना पत्र लिहून भरवसा दिला होता की ही शस्त्रं भारतावर चालली तर आम्ही ते रोखू. अकरा वर्षांनी तेच पॅटन रणगाडे खेमकरणच्या उसाच्या शेतांमधून आमच्या अंगावर आले. असल उत्तरला आपल्या जवानांनी ते इतके मोडले की त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले. अब्दुल हमीद तिथेच गेले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. वडील सांगायचे, तोफ कोणत्या करारावर आली हे गोळ्याला माहीत नसतं.

अफगाणिस्तानचंही तेच. १९८६ पासून मुजाहिदीनांना खांद्यावरून सोडायची स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, सोव्हिएत फौजा १९८९ ला गेल्या, आणि उरलेली स्टिंगर परत विकत घ्यायला अमेरिकेला पैसे मोजत फिरावं लागलं.

आणि युक्रेनबद्दल आपल्याला इतका उमाळा का? नव्वदच्या दशकात त्यांनी पाकिस्तानला ३२० टी-८० यूडी रणगाडे विकले, ते आपल्या सीमेकडे तोंड करून उभे राहिले. १९७१ ला संयुक्त राष्ट्रांत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो मॉस्कोनं, आणि आपल्यावर दबाव टाकायला एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली ती वॉशिंग्टननं.

रानडेरोड

काका, वडिलांना माझा नमस्कार. पॅटनचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात जड मुद्दा आहे.

पण १९७१ तुम्हीच काढलंत, तर पूर्ण काढू. मुक्ती वाहिनीला शस्त्रं कोणी दिली, प्रशिक्षण कोणी दिलं? आपण. एक कोटीच्या आसपास निर्वासित आले होते. आई सांगायची, पत्रावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं वेगळं तिकीट लावावं लागायचं, आणि डिसेंबरात चाळीतल्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले असायचे. 'दुसऱ्यांचं भांडण, आपण कशाला' असं तेव्हा आपण म्हणालो असतो, तर आज त्याचा अभिमान वाटला असता का?

खेमकरण६५

७१ ला निर्वासित आपल्या अंगणात होते आणि शेवटी आपली फौज स्वतः उतरली. तेरा दिवसांत निकाल लागला. आपण मरायला तयार होतो. इथे देणारे म्हणतात, शस्त्रं आमची, मरा तुम्ही. युक्रेननं एप्रिल २०२४ मध्ये भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं. तोफगोळे पेनसिल्व्हेनियाच्या स्क्रँटनमध्ये बनतात. पंचवीस वर्षांचा पोरगा कुठल्या कारखान्यात बनतो?

आणि फक्त ७१ का आठवता? श्रीलंकेतल्या तमिळ गटांनाही आपणच प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली होती. १९८७ ला शांतिसेना गेली, त्यांतल्याच तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढताना आपले सुमारे १२०० जवान गेले. माझ्या वर्गातला एक त्यात होता. मुलुंडला त्याच्या घरी मी निरोप घेऊन गेलो होतो, त्याच्या आईनं मला पाणी दिलं आणि मग विचारलं, काय झालं?

चेर्निव्त्सी२२

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

२६ फेब्रुवारी २०२२ ला बुखारेस्टहून निघालेलं पहिलं विमान मुंबईत उतरलं, त्यात आम्ही २१९ जण होतो. मी पश्चिम युक्रेनमधल्या चेर्निव्त्सीला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी बसमध्ये चढताना माझ्या हातात खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली. मी नको म्हणत होते, त्या ऐकेनात. ती बरणी सीमेवर रांगेत उभी असताना फुटली आणि माझ्या सॅकला अजून शेपूचा वास येतो.

हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप मी फोनमधून काढलेलं नाही. सुरुवातीला चेर्निव्त्सीचा भाग ठेवला होता, नंतर खार्किव, कीवही टाकले, कारण मैत्रिणी तिथे आहेत. डोंबिवलीत रात्री दोन-अडीचला वाजतं. आई आता उठत नाही, कूस बदलते.

काका, शस्त्र दुसरीकडे जाऊ शकतं हे खरं आहे. पण कीवच्या ओख्मात्दित बालरुग्णालयावर ८ जुलै २०२४ ला क्षेपणास्त्र पडलं. ज्या इमारतीत मुलांचं डायलिसिस चालायचं ती पडली. सलाईन लावलेली मुलं रस्त्यावर आणून बसवली होती. डायलिसिसवरच्या मुलाचा एक दिवस चुकला तर काय होतं, हे आता माझ्या वॉर्डात मी रोज बघते. त्या छतावर पेट्रियट म्हणजे आगीत तेल कसं? जे क्षेपणास्त्र हवेतच फुटतं ते कोणावर पडत नाही. ते पाकिस्तानच्या हातात जाऊन तुमच्यावरही पडत नाही.

"दोघांना बसवा" म्हणणाऱ्यांनी हेही सांगा, की बसेपर्यंत वरून जे पडतं ते कोणी अडवायचं?

गोदीतला

मंडळी, मी माझगाव डॉकमध्ये आयुष्य काढलं, फिटर म्हणून लागलो, इंजिनरूममधून निवृत्त झालो. आपल्या विनाशिकांना जी गॅस टर्बाइनं बसायची ती यायची मिकोलाइव्हहून, युक्रेनमधल्या. दिल्ली वर्गाच्या नौकांपासून विशाखापट्टणम वर्गापर्यंत सगळ्यांना तीच. खोकी उघडली की वर रशियन अक्षरं, आणि तेलकट कागदाचा एक ठरावीक वास. बसवायला तिकडचे लोक यायचे. शस्त्रास्त्रांच्या कामाला रशियाचे यायचे. दोघे एकाच बाकावर बसून डबा खायचे, एकाच भाषेत बोलायचे. एकाला आमचा ठेचा इतका आवडला की जाताना बाटली घेऊन गेला. तो कुठल्या बाजूचा होता ते आज मला आठवत नाही, खरंच आठवत नाही.

मिकोलाइव्ह २०२२ मध्ये महिनोन्‌महिने तोफांच्या माऱ्यात होतं. बातम्यांत नाव आलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मला वाटतं मुलगी बरोबर सांगते. ढाल द्या, तलवार देऊ नका. छप्पर वाचवणारं सगळं द्या, शेकडो मैल आत जाऊन मारणारं देऊ नका. समोरच्याकडे अण्वस्त्रं आहेत, हे विसरून चालत नाही.

रानडेरोड

ढाल आणि तलवार इतकी सोपी वेगळी होत नाहीत, काका. रशियाची विमानं आपल्या हद्दीत राहून पंखवाले बॉम्ब सोडतात, ते पन्नास-साठ किलोमीटर तरंगत येऊन खार्किववर पडतात. पेट्रियटचा एकेक बाण लाखो डॉलरचा, बॉम्ब तुलनेनं कवडीमोल. बॉम्ब अडवत बसलं तर ढालच संपते. विमान जिथून उडतं तो तळ मारला तरच छप्पर वाचतं.

@हिरेकाम, तुमचा प्रश्न राहिला होता, किती वर्षं. आकडा मीही देऊ शकत नाही. पण न देण्याचा काय परिणाम होतो ते दिसलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइट हाउसनं मागितलेला निधी अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहानं २० एप्रिल २०२४ ला ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर केला. सुमारे ६१ अब्ज डॉलर. मधले सहा महिने भांडणात गेले. फेब्रुवारीत अव्दिइव्का पडलं, तिथले तोफखानेवाले गोळे मोजून वापरत होते. गोळे नव्हते म्हणून कोणी वाटाघाटीला बसलं नाही. फक्त शहर गेलं.

हिरेकाम

म्हणजे देणाऱ्यालाच खात्री नाही, आणि घेणारा त्याच्या भरवशावर लढतोय. भरवशाच्या म्हशीला टोणगा. मी त्या पोरीच्या विरोधात नाही हो. ताई, तुमच्या त्या रेक्टरबाई कशा आहेत?

चेर्निव्त्सी२२

आहेत. त्यांचा मुलगा २०२३ पासून आघाडीवर आहे, महिन्यातून एकदा फोन येतो. दादा, तुमचा रत्नागिरीचा मित्र कुठे आहे आता?

हिरेकाम

गावाला. आंब्याच्या बागेत कामाला जातो. त्याचे हात खड्याचे आहेत, झाडाचे नाहीत.

खेमकरण६५

ताईंचं वाचून हवाई संरक्षणापुरता माझा विरोध मी मागे घेतो. रुग्णालयावरचं क्षेपणास्त्र पाडायला मी नाही म्हणणार नाही. पण बाकी शस्त्रांचं काय? पेंटॅगॉनच्याच महानिरीक्षकांनी जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. ज्या शस्त्रांवर विशेष नजर ठेवायला हवी अशी सुमारे १.७ अब्ज डॉलरची सामग्री होती, त्यातल्या एक अब्जाहून अधिकची मोजदाद वेळेत झालेली नव्हती. खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं त्यात आली.

रानडेरोड

त्याच अहवालात हेही आहे की चोरीला गेल्याचा पुरावा त्यांच्यासमोर नव्हता. तो तपासाचा विषयही नव्हता. पण मोजदाद व्हायलाच हवी, यात तुमच्याशी माझा वाद नाही.

खेमकरण६५

मग तुमच्या मतात ती अट लिहा. 'वेळेवर द्या' एवढंच लिहिलंय तुम्ही वर. 'वेळेवर द्या आणि नंबर टिपून ठेवा' असं लिहा, म्हणजे मला सही करता येईल.

रानडेरोड

लिहितो. आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर?

खेमकरण६५

त्यावर नाही. त्यावर उद्या बोलू, आता बाराची गाडी पकडायची आहे.