१०० जीसाठी सगळीकडे एओसीच टाकावी का?

बंडू_बायनरी:
मंडळी, दोन रॅक, दोन्हीत १०० जीचे (सेकंदाला १०० गिगाबिट) स्विच, पोर्ट क्यूएसएफपी-२८ प्रकारचे. वरच्या ट्रेमधून अंतर १८ मीटर भरतं. शिवाय सर्व्हर त्याच रॅकमधल्या स्विचला जोडायचेत, तिथे दोन मीटर पुरतात. पुरवठादार म्हणतो, सगळीकडे अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल केबल (एओसी) टाका, डोक्याला ताप नको. पटतं का?

रॅकमागचा:
सगळीकडे म्हणतोय तर त्याचं भलं होतंय, तुमचं नाही. दोन मीटरला तांब्याची साधी पॅसिव्ह डॅक (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली केबल) लावा. वीज जवळपास खात नाही, बिघडण्यासारखंही तिच्यात फारसं काही नसतं. पण १०० जीला तांबं ३ ते ५ मीटरच्या पुढे दम टाकतं, त्यामुळे १८ मीटरला एओसी योग्य. तिच्या दोन्ही डोक्यांत, म्हणजे पोर्टात बसणाऱ्या टोकांत, लेसर आणि रिसीव्हर, २५ जीच्या चार लेन (समांतर वाटा), मध्ये कायमचं चिकटवलेलं मल्टिमोड फायबर. कनेक्टर पुसत बसायला नको. मात्र एक डोकं गेलं की अख्खी केबल बाद.

१८ मोजलंत तर २० मागवा, ही कापून जोडता येत नाही. टाकताना डोकं धरून ओढू नका. फायबर धातूच्या खोक्यात शिरतं ती बोटभर जागा सगळ्यात नाजूक; तिथे लगेच वळण दिलं की संपलं. उरलेलं वेटोळं सैल, तेही वेल्क्रोने. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळणारे लोक मला बघवत नाहीत. आणि ट्रे उघडा आहे ना? पाइपातून ते डोकं जाणार नाही. तिथे ट्रान्सिव्हर (पोर्टात बसणारे, प्रकाश पाठवणारे-घेणारे मॉड्यूल) वेगळे आणि एमपीओ फायबर (एकाच कनेक्टरमध्ये अनेक तंतू असलेलं) वेगळं घ्या.

बंडू_बायनरी:
ट्रे उघडाच आहे. पण दोन स्विच दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, चालेल?

रॅकमागचा:
चालेल, पण ऑर्डर देतानाच सांगा. प्रत्येक डोक्यात छोटी मेमरी असते, त्यात मेक, प्रकार, लांबी लिहिलेली. काही स्विच ते वाचतात आणि अनोळखी केबल दिसली की पोर्टच बंद ठेवतात. दोन टोकांना वेगवेगळं कोडिंग करून मिळतं.

पोर्टपाल:
लिंक आली नाही तर आधी एफईसी (डेटातल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) तपासा. तिचा आरएस-एफईसी हा प्रकार एका बाजूला चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर दिवा लागत नाही, आणि शिव्या बिचाऱ्या केबलला.

रॅकमागचा:
अगदी. आणि स्विचवर रिसीव्ह पॉवर (पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसली नाही तर लगेच केबल परत पाठवू नका. काही एओसी तो आकडा देतच नाहीत. एरर काउंटर वाढतोय का, ते बघा.