पोरगं बारकं आहे म्हणून मिडफिल्ड सोडायचं का?

पेठेतला बाप
पोरगा तेरा वर्षांचा, फुटबॉलमध्ये सेंट्रल मिडफिल्ड, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळतो. परवा पुण्यात एका अकादमीची निवड चाचणी होती. रात्रीची एसटी धरून कोल्हापुरातून गेलो. वीस मिनिटं खेळवलं आणि तिथले सर म्हणाले, "पास चांगला आहे हो, पण अंगात काहीच नाही. दोन वर्षांनी आणा." येताना कराडपर्यंत पोरगं गप्प. मग म्हणालं, "मॉड्रिचलापण असंच घालवलं होतं." हे खरं आहे, का रील बघून बोलतंय? आणि खरं असलं तर त्यानं पुढं केलं काय? माझा फुटबॉल शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरचा. (उंचीसाठी लटकणं, अंडी सगळं चालू आहे. ते सांगू नका.)

डावा पाय
दादा, विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला टाका. बारक्या पोरांची जागा तिथंच.

रात्रपाळी
विंगला कशाला? पोराचा पास चांगला आहे असं ते सरच म्हणाले ना!

खरं आहे ते. मॉड्रिच क्रोएशियाचा मिडफिल्डर, गाव झादर. तिकडच्याच स्प्लिट शहरातल्या हायडुक क्लबनं त्याला लहानखुरा म्हणून परत पाठवलं. झादरच्या पोराला हायडुक म्हणजे आपल्याकडं गल्लीतल्या पोराला स्वतःच्या तालमीचा फुटबॉल संघ. त्याच्या आधीचं तर विचारूच नका. १९९१ च्या डिसेंबरात, तिथल्या युद्धात आजोबांना मारलं, ज्यांचं नाव याला ठेवलेलं. घर सुटलं, निर्वासित म्हणून झादरच्या हॉटेलात राहिले, तिथल्याच पार्किंगमध्ये बॉल. झादर क्लबच्या मुलांचं बघणारा तोमिस्लाव बाशिच, त्यानं मात्र पोराला सोडलं नाही.

पुढं डिनामो झाग्रेबनं घेतलं, पण संघात बसवलं नाही. २००३ मध्ये अठराव्या वर्षी उसना दिला बोस्नियात, झ्रिन्यस्की मोस्टारला. तिथं मोठमोठे गडी अंगावर येणार आणि रेफरी बघत राहणार. हा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला! मग आणखी एक वर्ष उसना, मग डिनामोबरोबर तीन वेळा लीग, २००८ ला इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, २०१२ ला स्पेनचा रेआल माद्रिद. तिथंही पहिल्या काही महिन्यांतच एका स्पॅनिश पेपरच्या वाचकांनी त्याला हंगामातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. त्याच रेआलकडून पुढं सहा वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि २०१८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान.

उंची १७२ सेंटीमीटर. म्हणजे अंग काही फार आलं नाही. बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घेतो, म्हणून धक्का द्यायला माणूस पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो. एप्रिल २०२२ ची, इंग्लंडच्या चेल्सी क्लबाबरोबरची मॅच पोराला दाखवा. रेआल घरच्या मैदानावर ०-३ मागं, ऐंशीवं मिनिट. हा डावीकडं, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉल उचलतो, तो सगळ्या बचावाच्या डोक्यावरून वळत थेट रेआलच्याच रॉड्रिगोच्या पायावर. छत्तीस वर्षांचा होता तेव्हा!

जुना गोली
सगळं बरोबर. पण हायडुकनं परत पाठवलेली बाकीची पोरं कुठं गेली, ते कुणी सांगत नाही. मॉड्रिचचं नाव घेऊन शाळा बुडवू देऊ नका. आणि मोस्टारचा मुद्दा नीट घ्या: थोरल्या, दांडग्या गड्यांत खेळवा. त्याच्या वयाच्या पोरांत तो बॉल धरून बसेल. थोरल्यांत धरला की लाथ बसते, मग आपोआप लवकर सोडतो.

पेठेतला बाप
सगळ्यांचे आभार. रविवारपासून तालमीच्या थोरल्या पोरांत घालतोय, आईला अजून सांगितलेलं नाही. काल चेल्सीची मॅच लावली. बॉल सोडून फक्त मॉड्रिचकडं बघ म्हटलं, तर मान किती वेळा वळवतो ते पोरगं मोजत बसलं. कॅमेरा दुसरीकडं गेला की माझ्यावरच चिडतंय.