मित्राला पत्र लिहिताना सुरुवात कशी करता? – अनुभव धागा

आमच्या जिल्हा परिषद शाळेत (आर्वी तालुका) सातवीला 'मित्रास पत्र लिहा' घेतलं. तेवीस वह्या तपासल्या. तेविसांतही 'तुझे पत्र मिळाले, वाचून खूप आनंद झाला.' यातल्या एकालाही आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही! एकानं तर शेजारच्या बाकावरच्या मित्रालाच विचारलं होतं, 'तुमच्या गावचे हवामान कसे आहे?'

दुसऱ्या दिवशी म्हटलं, मायना राहू द्या. मित्राला तिथून दिसत नाही असं काही लिहा, आणि त्यालाच सांगता येईल असं एक काही विचारा. नागपूरला गेलेल्या मैत्रिणीला एका पोरीनं लिहिलं, 'आमची पऱ्हाटी फुटली. आई कापूस वेचायला जाते, मी घरी पोळ्या करते. तुझ्या नव्या शाळेत डबा खाताना तू कोणाजवळ बसतेस?' मी ते दोनदा वाचलं.

तुम्ही कसं लिहिता? नियम नकोत, घडलेलं सांगा.

निवृत्त डाकसेवक, दारव्ह्याकडून

मॅडम, मी पत्रं वाटली तेवढीच लिहूनही दिली. शाखा डाकघराच्या ओट्यावर बाया बसायच्या. "लिव्ह बाबू, सारे बरे हाओत." मग पाऊस, मग ढोरं, मग कोणाचं लग्न जमलं. मी खाली 'कळावे' लिहून सही मागितली, की बाई हळूच म्हणायची, "अजून एक लिव्ह." खरं पत्र तिथून सुरू व्हायचं. पोराचे पैसे आले नाहीत, नाहीतर सुनेशी पटत नाही. निम्म्या लोकांचं मन ता.क.मध्येच असायचं, आणि कार्डावर तोवर जागा संपलेली. पुढं पुढं मी आधीच विचारू लागलो, "माय, शेवटी काय लिव्हाचं आहे ते पहिले सांग."

अजून एक. पोस्टकार्ड ५० पैशांचं, पण उघडं. मी वाचायचो, ज्याच्या हाती पडलं तोही वाचायचा. मनातलं असेल तर मी सरळ अडीच रुपयांचं आंतरदेशीय घ्यायला लावायचो. दोन रुपयांसाठी घरची गोष्ट चावडीवर कशाला न्यायची? कोपरा फाडलेलं कार्ड आलं, म्हणजे मयताची खबर, तर मात्र वाचायची गरजच नसे. ते वाटायला जाताना सायकल जड व्हायची.

ब्रह्मपुरीकडची

वसतिगृहातली माझी मैत्रीण अकोल्याकडची. तिनं कापूस, तूर पाहिलेली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, काय ते ठाऊक नाही. सुट्टीत तिला आंतरदेशीयवर सगळं लिहिलं. पऱ्हे उपटतात कसे, बांधीत पिंढरीपर्यंत चिखल, दुपारनंतर कंबर सरळच होत नाही. वर्णन पुरेना म्हणून धानाची दोन पाती आत चिकटवली. त्या निळ्या कागदावरच छापलेलं असतं, आत काही ठेवू नये. वाचतं कोण! पत्र बैरंग झालं, तिला दंड भरून सोडवावं लागलं. तिचं उत्तर: 'पाती वाळून कोळ झाली. पुढच्या वेळी नुसतं लिही, मला समजतं.'

तेव्हापासून मी चित्र काढते. वाईट काढते, पण दंड नाही.

सेलूकडचा (वर्धा जिल्हा)

मजकुराचं सगळे बोलतात, पत्त्याचं कोणी नाही. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. सेवाग्रामचं आधीचं नाव सेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले आणि त्यांची डाक बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं. आपल्याला गाव बदलता येत नाही, निदान तालुका आणि पिनकोड तरी लिहावा. १९७२ पासून तो आहे आणि विदर्भाचा ४४ नं सुरू होतो.

माझं दिवाळीचं पत्र बोरगावला जायचं होतं. विदर्भात बोरगावं किती ते मोजायला बसू नका. ते दुसऱ्याच बोरगावला गेलं, आणि तिथल्या त्याच आडनावाच्या गृहस्थांनी उत्तर पाठवलं: 'आपण कोण ते ओळखले नाही, पण फराळास अवश्य यावे.'

मेहकरची सून

मॅडम, तुमचं पटलं आणि नाहीही पटलं. माझी आई चौथी शिकलेली. तिची सगळी पत्रं एकसारखी. वर ॥श्री॥, 'चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.' मी नव्यानं सासरी आले तेव्हा मला राग यायचा, दुसरं काही सुचत नाही का हिला? मग एका पत्रात बाकी सगळं होतं, संत्र्याच्या मृग बहाराचं, गाय व्यायल्याचं, फक्त 'इकडील सर्व क्षेम' नव्हतं. मी ते परत परत पाहिलं. सासऱ्यांना म्हटलं, मामाजी, मी जाऊन येते. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सकाळच्या एसटीनं निघाले. बाबा आठ दिवसांपासून अंथरुणावर होते. तिला खोटं लिहिता येईना आणि खरं लिहायचं धाडस नव्हतं.

मायना पोरांना शिकवाच. तो नेहमी लिहिलेला असेल तरच एक दिवस त्याचं नसणं वाचता येतं.

आर्णीकडचा शेतकरी

मले पत्र लिव्हाचं म्हटलं का घाम फुटते. आमी दोघं लंगोटीयार. दोघायच्या वावरामधल्या धुऱ्यापाई भांडण झालं, मोजणी आणली, दोन वर्सं बोलचाल बंद. मंग तो चाकणले कंपनीत गेला. माफी मागाव का त्याची चूक दाखवाव, यातच चार कागद फाडले. शेवटी कार्डावर एवढंच लिव्हलं, 'धुऱ्यावरच्या बोरीले औंदा लय बोरं आले. पोट्टे गोटे मारून रायले.'

पंधरा दिवसानं कार्ड आलं. 'दोन पायल्या ठेव.' बस.

धागा काढणारी

मेहकरच्या ताई, उद्याच फळ्यावर मायना लिहिते. सेलूकरांचा पिनकोडही. आर्णीचे भाऊ, पण बोरं पोचली का?

आर्णीकडचा शेतकरी

पोचवाचं काय त्यात. संक्रांतीले तोच आला. धुऱ्यावर बसून खाल्ले. बिया दोघायच्याही वावरात थुंकल्या.